तुम्ही विचारलंत म्हणून: गॅसची फायरप्लेस वापरता, मग घरातल्या हवेचं काय?

घरी कोणी आलं आणि फायरप्लेस चालू दिसली की चहा संपायच्या आत हा प्रश्न येतोच. अहो आईंना दमा आहे ना, मग घरात गॅस कसा काय जाळता? प्रश्न बरोबरच आहे. फक्त मी उलट विचारते, जळलेली हवा जाते कुठे ते बघितलंत का?

आमची पहिली फायरप्लेस व्हेंट-फ्री होती, म्हणजे धुराडंच नाही, दुकानदार कौतुकाने म्हणाला की उष्णता जराही वाया जात नाही. खरंच होतं ते, पण उष्णता वाया जात नाही कारण जे काय जळतं ते सगळं खोलीतच राहतं. आम्हाला आधी कळलं ते खिडकीवरून. सकाळी काचेवरून पाणी ओघळायचं, चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली होती, मी महिनाभर पुसत बसले आणि थंडीला शिव्या घातल्या. मग कळलं की 1 घनमीटर गॅस जळला की दीड लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन हवेत येतं. पाणी निदान दिसतं तरी, गॅस जळताना होणारा नायट्रोजन डायऑक्साईड वायू दिसतच नाही, आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो तो त्याचा.

"पण सेन्सर असतो ना त्यात?" असतो. हवेत ऑक्सिजन एरवी 21 टक्के असतो, तो 18 च्या आसपास उतरला की सेन्सर गॅस बंद करतो. पण तो फक्त ऑक्सिजन बघतो हो, बाकी काय साचलंय त्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. कॅलिफोर्नियात घरात असले बिनधुराड्याचे हीटर चालतच नाहीत, ते उगाच नाही.

आता आहे ती डायरेक्ट व्हेंट. समोर घट्ट बसवलेली काच, जाळायला लागणारी हवा पाइपने बाहेरून येते आणि जळलेली बाहेरच जाते, खोलीच्या हवेशी संबंधच नाही. थोडी उष्णता बाहेर जाते, जाऊ दे. काच मात्र भयंकर तापते, लहान मूल असेल तर पुढे जाळी हवीच. वर्षातून एकदा माणूस येऊन व्हेंट आणि काचेचं सील तपासून जातो, आणि झोपायच्या खोल्यांबाहेर कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूचा अलार्म आहे, कारण त्याला वासच नसतो, नाकावर भरवसा ठेवून चालत नाही.

आणि गंमत म्हणजे आता आमच्या घरात जो काही नायट्रोजन डायऑक्साईड होतो तो फायरप्लेसमधून नाही, ओट्यावरच्या शेगडीतून होतो. तिच्याबद्दल मला आजवर एकानेही विचारलेलं नाही, म्हणून हल्ली विचारणाऱ्याला मी सरळ स्वयंपाकघरात नेते आणि म्हणते, तुमच्याकडे चहा करताना एक्झॉस्ट लावता का हो?