मांडवाचे दिवस : तिशरी 5786

10 तिशरी (2 ऑक्टोबर 2025), रात्र

तिशरी या ज्यू महिन्यातला योम किप्पूर, उपासाचा आणि प्रायश्चित्ताचा दिवस, संपला. बेने इस्राएलांच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, जुन्या बोलीत हा दारफाळणीचा सण. यंदा तो नेमका दसऱ्याच्या दिवशी आला. उपास सुटल्यावर त्याच रात्री मांडवाचं निदान एक तरी काम हाती घ्यायचं, अशी रीत आहे. एक बांबू उभा केला तरी पुरतं. चौदाव्या दिवसाच्या संध्याकाळी सुक्कोथ, म्हणजे मराठी पवित्र शास्त्रातला 'मांडवांचा सण' बसतो. सात दिवस मांडवात जेवायचं. मध्ये चारच दिवस मिळतात.

11 तिशरी

आज शिळा सण, भेटीगाठी आणि दानधर्माचा दिवस. ज्यांच्याकडे जायचं त्यांना मांडवात जेवायचं आमंत्रण आजच द्यावं. ऐन वेळी दिलेलं आमंत्रण एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला उपचारासारखं वाटतं, आणि तो येत नाही. पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकात (16:14) कोणाबरोबर आनंद करायचा ते नावानिशी आलं आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी (मंदिरसेवेच्या वंशाचा), परका, अनाथ, विधवा. मध्ययुगीन धर्मशास्त्रकार रांबामनी (मायमोनिडीस) पुढे स्पष्टच लिहिलं, की दार लावून फक्त बायकोपोरांसह खाणाऱ्याचा आनंद हा त्याच्या पोटाचा आनंद आहे. सणाची यादी करताना सामानाच्या आधी माणसं लिहावीत.

12 तिशरी (शनिवार), रात्र

जागा ठरवणं हेच सगळ्यात अवघड. मांडवाच्या वर मोकळं आभाळ हवं. झाडाची फांदी, वरच्या मजल्याची बाल्कनी, पत्र्याची पडवी, काहीही नको. मुंबई-ठाण्याच्या फ्लॅटमध्ये म्हणूनच हे जमत नाही, आणि मांडव सिनेगॉगच्या (प्रार्थनामंदिराच्या) आवारात किंवा इमारतीच्या गच्चीवर घालावा लागतो. इस्राएलमध्ये कित्येक इमारतींच्या बाल्कन्या मुद्दाम एकीखाली एक येणार नाहीत अशा बांधतात. आपल्याकडे ती सोय नाही, पण त्यामुळे सगळे एकाच मांडवात येतात. मला हेच जास्त आवडतं.

मोजमाप मुठीत. मूठ म्हणजे चार बोटांची रुंदी, साधारण 8 सेंमी. (काही जण 9.6 धरतात.) मांडव किमान सात मुठी लांब, सात मुठी रुंद आणि दहा मुठी उंच हवा. म्हणजे एका माणसाचं डोकं, धड आणि छोटं ताट मावेल एवढा. उंचीची कमाल मर्यादा वीस हात. आठ-दहा जणांना 3 मीटर बाय 2.4 मीटर बरा पडतो, उंची 2.1 मीटर. सहा बांबू खांबांना, चार आडवे. दोन पुऱ्या भिंती आणि तिसरीचा तुकडा एवढंही शास्त्रात चालतं, पण त्या तुकड्याचे नियम नाजूक आहेत. तीन पुऱ्या घालाव्यात.

कापडाच्या भिंती बहुतेक जण इथेच चुकवतात. वाऱ्याने फडफडणारी भिंत ही भिंत धरत नाहीत. उपाय सोपा आहे: कापडाच्या आतून सुंभाचे चार फेरे ताणून बांधायचे, जमिनीपासून 21, 42, 63 आणि 84 सेंमीवर. तीन मुठींपेक्षा कमी फट बुजलेलीच मानतात, त्यामुळे हे चार दोरच दहा मुठींची भिंत होतात. कापड मग आडोशापुरतं.

13 तिशरी

आज छप्पर, म्हणजे सेखाख. भिंती आधी, छप्पर नंतर, हा क्रम मोडायचा नाही. छप्पर जमिनीतून उगवलेल्या आणि जमिनीपासून तोडलेल्या वस्तूचंच हवं. नारळाच्या झावळ्या उत्तम. बसायची चटई चालत नाही, कारण ती भांड्याकुंड्यासारखी वापराची वस्तू. छपरासाठीच विणलेले झाप चालतात. केळीची पानं टाळा, दुसऱ्या दिवशी गुंडाळतात आणि चौथ्या दिवशी पडतात. आडव्या बांबूंवर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर चिवे (बारीक बांबू) टाकून वर दहा-बारा झावळ्या उलटसुलट पसरायच्या. झावळ्या बांधायला तार किंवा प्लास्टिकची पट्टी नको, काथ्या घ्या.

दाटपणाचा हिशेब असा: दुपारी बाराला आत उभं राहून जमिनीकडे बघा. सावली उन्हापेक्षा जास्त हवी. ओली झावळी वाळली की आकसते, म्हणून आज नेमकी बेताची सावली असेल तर सणाच्या मध्यावर ती कमी पडेल. दोन झावळ्या जास्तीच्या घाला. तीन मुठींची उघडी फट मात्र कुठेही राहू देऊ नका. आणि इतकं दाटही नको, की रात्री तारे दिसू नयेत. हे छप्पर अपुरंच राहायला हवं. घर भरल्यावर, धान्य आत आल्यावर (निर्गम 23:16 मध्ये याला संग्रहाचा सणच म्हटलंय) माणसाने पक्क्या छपराखालून उठून याच्याखाली बसायचं.

शोभेच्या माळा, फळं छपरापासून चार मुठींच्या आत टांगा. त्याहून खाली लोंबली तर छपराला बाध येतो.

14 तिशरी (6 ऑक्टोबर), कोजागिरी

गेल्या वर्षीही सुक्कोथची रात्र कोजागिरीलाच आली होती. शेजारच्या गच्चीवर दूध आटतंय, आणि आपल्या पानात मटण असल्यामुळे (मांस आणि दूध एकत्र चालत नाही) खीर नारळाच्या दुधाची. हिब्रू नावं पुन्हा रुळण्याआधी कोकणातले बेने इस्राएल याच महिन्यात खिरीचा सण पाळत, नव्या धान्याची खीर करून. एक वाटी तांदूळ, दोन नारळ, पाऊण वाटी गूळ. तांदूळ पातळ दुधात मऊ शिजवायचे, गूळ आच बंद करून घालायचा आणि दाट दूध शेवटी. दाट दूध उकळलं की फुटतं, खिरीवर तेलाचे थेंब दिसतात.

किद्दूशला, म्हणजे जेवणाआधीच्या पेल्यावरच्या आशीर्वादाला, काळ्या मनुकांचं सरबत: मनुका पाण्याच्या एक षष्ठांशाहून जास्त हव्यात, नाहीतर ते नुसतं गोड पाणी.

पाऊस आला तर? परतीच्या पावसाचा भरवसा नाही. जेवणं नसताना ताडपत्री टाकून ठेवा, बसताना आठवणीने काढा. ताडपत्रीखाली बसणं म्हणजे मांडवात बसणं नव्हे. ताटात पाणी पडून जेवण नासत असेल तर उठून घरात जावं, हट्टाने भिजण्यात पुण्य नाही.

15 तिशरी

आज आशीर्वाद म्हणून हाती धरायच्या चार जिनसा: एत्रोग म्हणजे महाळुंगाच्या जातीचं फळ, खजुरीचा न उमललेला कोंब लुलाव, हदासच्या (मर्टल) तीन डहाळ्या, अरावाच्या (विलो) दोन. लुलावचा कणा आपल्याकडे, उजवीकडे हदास थोडी उंच, डावीकडे अरावा. आशीर्वाद म्हणेपर्यंत एत्रोग उलटा धरायचा, मग सुलटा. त्याचं वरचं टोक मोडलं तर फळ बाद, म्हणून ते तागाच्या वाखात गुंडाळून ठेवतात. अरावा सगळ्यांत आधी सुकते. ओलसर फडक्यात ठेवा, निथळत्या नको, पानं काळी पडतात.

छोट्या समाजात एकच जोड असतो, आणि पहिल्या दिवशी तो ज्याच्या हातात आहे त्याच्या मालकीचाच असावा लागतो. म्हणून 'परत देण्याच्या अटीवर भेट' असं म्हणून तो हातोहात फिरतो. प्रत्येक जण क्षणभर खरा मालक होतो आणि लगेच देऊन टाकतो. लहान मुलाला मात्र मोठ्यांचं झाल्यावरच द्या. मूल वस्तू स्वीकारू शकतं, शास्त्राप्रमाणे परत देऊ शकत नाही, आणि मग मागच्यांची पंचाईत होते.

19 तिशरी, शब्बाथ (शनिवारचा विसाव्याचा दिवस)

आज लुलाव उचलायचा नाही. कित्येक ठिकाणी आज पवित्र शास्त्रातलं 'उपदेशक' वाचतात. सगळं व्यर्थ म्हणणारं पुस्तक कोठार भरलेलं असताना वाचलं की वेगळंच लागतं. त्यातच, खाऊन-पिऊन कष्टाचं सुख भोगणं ही देवाची देणगी, असंही आहे. झावळ्या आता पिवळ्या पडल्या आहेत, उन्हाचे कवडसे टेबलावर मोठे झालेत.

22 तिशरी

मुसाफमध्ये, म्हणजे सणाच्या जादा प्रार्थनेत, पावसाची प्रार्थना. इस्राएलचा पावसाळा आता सुरू होणार, कोकणातला संपत आला, तरी सिनेगॉगमध्ये शब्द तेच. सात दिवस मांडव कोरडा राहावा म्हणून ही मागणी आजवर थांबवलेली असते.

24 तिशरी

काल सिम्हाथ तोरा (तोराचं वार्षिक वाचन पुरं होण्याचा सण) झाला, आज मांडव उतरवायचा. बांबू पुसून आडवे ठेवा, उभे ठेवले तर वाकतात. एत्रोगचा मुरांबा करायचा असेल तर आधी विचारून घ्या, विकायच्या फळांवर बरीच औषधं मारलेली असतात. खात्री नसेल तर लवंगा टोचून ठेवा, हवदालाला, म्हणजे शब्बाथ संपतानाच्या विधीला, वास घ्यायला होईल. लुलाव माळ्यावर ठेवा. पेसाखच्या (वल्हांडण सणाच्या) आदल्या सकाळी खमीर जाळायला कामी येतो.