तुम्ही विचारलंत म्हणून: रिसर्चच का?

कॉलेजला कॉम्प्युटर सायन्स घ्यायचंय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "ते ठीक आहे गं, पण रिसर्च कशाला? कोडिंग शीक, नोकरीला लाग." आणि हल्ली वर हे पण, "आता तर कोडसुद्धा एआय लिहितं." आजवर दरवेळी वेगळं उत्तर दिलं आणि एकही पूर्ण खरं नव्हतं, म्हणून एकदाच नीट लिहिते.

माझं ठेवणीतलं उत्तर हॅश टेबलचं होतं, म्हणजे माहिती साठवून पटकन परत शोधायची एक रचना. एका प्रकारच्या हॅश टेबलमध्ये ठरावीक मर्यादेपेक्षा लवकर जागा सापडणारच नाही असा अंदाज संगणकशास्त्रज्ञ अँड्र्यू याओंनी 1985 साली मांडला, आणि 2025 मध्ये अँड्र्यू क्रापिविन ह्या तरुण विद्यार्थ्याने दोन सहकाऱ्यांबरोबर तो चुकीचा ठरवला, आणि काम सुरू केलं तेव्हा त्याला तो अंदाज माहीतही नव्हता. हे सांगितलं की समोरचे गप्प बसायचे, मला तेवढंच हवं असायचं. त्यातला "विद्यार्थी" तेवढा मी उचलला, सिद्धतेबद्दल कधी बोललेच नाही.

खरं उत्तर माझ्या सॉर्टिंगच्या, म्हणजे आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने लावायच्या, प्रोजेक्टमध्ये आहे, आणि ते मी टाळत आलेय.

आयडिया साधी होती. यादीचे 32-32 आकड्यांचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा इन्सर्शन सॉर्टने (एकेक आकडा उचलून योग्य जागी घुसवत) लावायचा, मग तुकडे मर्ज करत, म्हणजे क्रम राखून जोडत, जायचं, पण मर्जआधी बघायचं की डावीकडचा शेवटचा आकडा उजवीकडच्या पहिल्यापेक्षा लहानच आहे का, असेल तर मर्ज करायचंच नाही. नवीन काही नव्हतं त्यात, टिमसॉर्ट नावाची प्रसिद्ध सॉर्टिंग पद्धत हे असलंच काहीसं करते. पण लायब्ररीच्या, म्हणजे भाषेसोबत तयार मिळणाऱ्या, सॉर्टशी वेळ लावून बघितला तर माझं वीस पट फास्ट. वीस पट, आणि मला एक मिनिटसुद्धा संशय आला नाही.

स्पर्धेच्या आदल्या रात्री पोस्टरवर अजून एक ग्राफ हवा असं वाटलं म्हणून माझा प्रोग्रॅम दोन आकड्यांची तुलना किती वेळा करतो ते मोजणारा काउंटर टाकला. 10 लाख रँडम आकडे. स्क्रीनवर आलं 9,99,999. आधी वाटलं काउंटरच चुकला. मग पोटात गोळा आला. तुलना करून लावणारी पद्धत कोणाचीही असो, 10 लाख रँडम आकड्यांना सरासरी 1 कोटी 85 लाखांच्या आसपास तुलना लागतातच, ही सिद्ध झालेली मर्यादा आहे, कितीही हुशार असलात तरी त्याखाली जाता येत नाही. आणि 10 लाखाला एक कमी, म्हणजे आधीच लावलेली यादी नुसती तपासायला लागतात नेमक्या तेवढ्या. लायब्ररीचा सॉर्ट आधी चालायचा, ॲरे (आकड्यांची यादी) जागच्या जागी लावून ठेवायचा, आणि मी तोच लावलेला ॲरे माझ्या फंक्शनला देत होते. कॉपी करायची एक ओळ राहिली होती. ती टाकली, परत चालवलं, माझं लायब्ररीपेक्षा स्लो निघालं.

दुसऱ्या दिवशी मी जुनाच ग्राफ घेऊन उभी राहिले.

पोस्टर छापून झालं होतं, सगळ्यांना सांगून झालं होतं, मी सतरा वर्षांची होते, रात्रभर झोपले नव्हते. हे सगळं खरंय. परीक्षक मॅडमनी विचारलं, "डेटा रँडमच होता ना?" मी म्हटलं, "हो मॅडम." तयार केला तेव्हा रँडमच होता, असं घरी येईपर्यंत स्वतःला समजावत होते. खोटंच होतं ते. दुसरं बक्षीस मिळालं. पाच दिवसांनी सरांना सांगितलं तर म्हणाले, "कोणाला कळणारे, सोड आता." मग मी मॅडमना मेल केला, दोन्ही ग्राफ जोडून. कॉलेजच्या अर्जात प्रोजेक्ट लिहिला, खरे आकडे लिहिले, बक्षीस लिहिलं नाही. एवढं पुरतं का, मला खरंच ठरवता येत नाही.

आता तुमचा प्रश्न. तो प्रोग्रॅम चालत होता. उत्तरं बरोबर येत होती, एररही नव्हती. एआयने लिहिला असता तरी असाच छान चालला असता, आणि मी असाच चुकीचा दावा केला असता. मला पकडलं ते एका आकड्याने, आणि कोणीतरी माझ्या जन्माआधीच सिद्ध करून ठेवलेल्या मर्यादेने. "चालतंय" ह्याच्या पुढे जाऊन हे का चालतंय, आणि हे असं असूच शकत नाही हे कशावरून कळतं, ते मला शिकायचंय. नोकरीत ते शिकायला मिळेल म्हणता? मिळेलही, मी नाही म्हणत नाही.

आधीची मी म्हणते, तू मोठं काहीतरी शोधायला निघाली होतीस, आता घाबरून तपासणीच्या गोष्टी करतेस. तिला काय सांगू? मोठं शोधायचं तर मला अजूनही आहेच. पण त्या दिवशी पोस्टरसमोर पण तीच उभी होती.

मॅडमचा रिप्लाय अजून आलेला नाही.