ध्यानाने त्रास झाला तेव्हा: माझा अनुभव

माझ्या धाकट्या भावाला ध्यानाने त्रास झाला. हे सांगितलं की समोरचा आधी विचारतो, "ध्यानाने कुणाला त्रास होतो का?" होतो. बहुतेकांना होत नाही, पण काहींना होतो, आणि ज्यांच्या घरात होतो त्यांना कुणाशी बोलावं तेच कळत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

तो एका निवासी मौन शिबिराला गेला होता. पहाटे चारला उठायचं, दिवसाचे दहा-दहा तास बसायचं, बोलणं, वाचणं, फोन सगळं बंद. आम्हाला वाटलं, शांत होऊन येईल. आला तो झोप पार उडालेल्या अवस्थेत. पाठीच्या कण्यातून डोक्यात वीज चढतेय म्हणायचा. स्वतःचेच हात त्याला परक्या कुणाचे वाटायचे. रात्री-अपरात्री माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहायचा. "ताई, मी आहे ना गं इथे?" त्याला खरंच उत्तर हवं असायचं. मी त्याचा हात धरून म्हणायची, "आहेस. हा बघ, माझ्या हातात तुझा हात."

घरात ज्याचं त्याचं निदान तयार होतं. मामांच्या मते कुंडलिनी जागी झाली होती आणि पोरगा भाग्यवान होता. शेजारच्या काकू दृष्ट काढून गेल्या. शिबिराच्या ठिकाणी फोन केला, तर जुने संस्कार वर येताहेत, समभाव ठेवा, बैठक मोडू नका, असं सांगण्यात आलं. या सल्ल्याचा मला आजही राग येतो. श्वासाकडे लक्ष नेलं की ज्याची छाती धडधडायला लागते, त्याला आणखी श्वासाकडे बघ म्हणणं म्हणजे भाजलेला हात पुन्हा चुलीवर धरायला लावणं.

मनोविकारतज्ज्ञांकडे यायला तो तयार नव्हता. "मी वेडा नाही, मला काहीतरी दिसलंय," म्हणायचा. मी वाद घातला नाही. "झोपेसाठी जाऊ या," एवढंच म्हटलं. झोप तर त्यालाही हवी होती. डॉक्टरांनी घाई केली नाही. आधी कधी असं झालं होतं का, घरात कुणाला मानसिक आजार होता का, कुठली गोळी मध्येच बंद केलीस का, आवाज ऐकू येतात का, जीव द्यावासा वाटतो का, सगळं विचारलं. मग मला समजावलं: अपुरी झोप, मौन, बेताचं खाणं आणि दिवसभर फक्त आत बघत राहणं, हे सगळं एकदम अंगावर आलं की काहींचा तोल जातो. सलग जागरणं झाली तर उन्माद किंवा भ्रमही सुरू होऊ शकतो. थोड्या काळापुरती झोपेची गोळी आणि ध्यान पूर्ण बंद, असं ठरलं. त्यांनी त्याच्या श्रद्धेची टिंगल केली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. केली असती तर तो पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढला नसता.

त्या काळात मी मिळेल ते वाचत होते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या जॅरेड लिंडाल, विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. ६० साधकांच्या मुलाखती घेऊन त्यांनी ५९ प्रकारचे अनुभव नोंदवले आहेत. त्यात भीती आहे, झोप उडणं आहे, अंगात वीज खेळणं आहे, 'मी'पण हरवणंही आहे. त्या साधकांत ध्यान शिकवणारेही होते. भावाला मी हे वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, "म्हणजे माझ्या एकट्याचंच बिघडलेलं नाही." ब्रिटन यांनी अशा माणसांच्या मदतीसाठी चीता हाऊस नावाची संस्थाही काढली आहे.

जुन्या साधकांनाही हे ठाऊक होतं. जपानचा झेन गुरू हाकुइन तरुणपणी अतिसाधनेने आजारी पडला होता. पाय बर्फासारखे गार, कानात सतत आवाज. त्याला मिळालेला उपाय असा: डोक्यावर लोण्याचा गोळा आहे आणि तो वितळत वितळत तळपायांपर्यंत उतरतोय, अशी कल्पना करायची. आईला ही गोष्ट सांगितली. कल्पना वगैरे तिला नको होती. तिने काशाची वाटी काढली, खोबरेल घेतलं आणि रोज रात्री भावाचे तळपाय चोळायला लागली. वाटी काळी पडेपर्यंत चोळायची, आणि तेवढा वेळ शेजारणीपासून भाजीच्या भावापर्यंत काहीबाही बोलत राहायची. पहिल्यांदा डोळा लागला तो तिच्यासमोरच.

घाबरल्याची लाट आली की "दीर्घ श्वास घे" म्हणायचं आम्ही सोडून दिलं. डोळे उघडे ठेव, पाय फरशीवर दाब, खिडकीतून काय दिसतंय सांग. तो सांगायचा: लाल ॲक्टिव्हा, दोरीवरचा टॉवेल, पाण्याची टाकी, टाकीवर कावळा. पाच-सहा गोष्टी होईपर्यंत आवाज ताळ्यावर यायचा. दिवसा हाताला काम द्यायचो. वाटाणे सोलणं, मेथी निवडणं, वडिलांबरोबर बाजारात चालत जाणं. पोटभर वरणभात, भाकरी, उपास नाही. रात्री मी आणि वडील पाळीने जागायचो. एकट्या माणसाचं हे काम नव्हे.

सुधारणा सरळ रेषेत झाली नाही. चांगले दिवस सुरू झाले होते, तेवढ्यात गणपतीत आरतीनंतर सगळ्यांनी डोळे मिटले आणि त्याला पुन्हा धस्स झालं. तो उठून स्वयंपाकघरात गेला, प्रसाद वाटायला लागला. कुणी टोकलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ लागला तो अपराधीपणा जायला. सगळ्यांना जमलं, आपल्याला जमलं नाही, हे त्याच्या मनात घट्ट बसलं होतं. जी गोष्ट आयुष्याचा आधार होईल असं वाटलं होतं तीच सुटल्याचं दुःखही होतं. त्यावर आम्ही उपदेश केला नाही. तो बोलायला लागला की ऐकून घेतलं. आता तो डोळे मिटून बसत नाही. गुरुवारी भजनाला जातो, टाळ धरतो, त्यात रमतो.

आमच्यासारखं कुणावर आलं आणि रात्री डॉक्टर मिळत नसतील, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जीव देण्याची भाषा असेल, आवाज ऐकू येत असतील किंवा खाणंपिणं सुटलं असेल, तर सकाळची वाट न बघता जवळचं रुग्णालय गाठावं. शिबिराला जाणाऱ्याने फॉर्मवर जुना आजार, चालू गोळ्या, घरातला इतिहास लपवू नये, आणि मध्येच घरी जावंसं वाटलं तर सोडतात का, हे आधीच विचारून घ्यावं.

ओळखीतून कुणाचा फोन आला तर हल्ली भाऊ स्वतःच बोलतो. त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "झोप लागते का?" नाही म्हणाले, तर बाकीच्या गप्पा बाजूला ठेवून आधी डॉक्टरांची वेळ घ्यायला लावतो.