स्पिंडलची उचल

"चक नवा आणला, टूल बदललं, तरी पार्टिंग करताना मशीन ओरडतंच," असं सांगून काकांनी मला बोलावलं. बेल्टवर चालणारं जुनं लेथ, म्हणजे चकमध्ये धरलेला तुकडा (जॉब) फिरवून तो टूलने कापणारं यंत्र. चक फिरवणारा पोकळ दांडा म्हणजे स्पिंडल. तो ज्या पेटीत बसतो त्या हेडस्टॉकमध्ये बॉल बेअरिंग नाहीत, गनमेटलचे बुश, म्हणजे नळीसारखी साधी बेअरिंग. साधं टर्निंग कसंबसं निघत होतं, पण पार्टिंगचं, म्हणजे जॉब कापून वेगळा करण्याचं, टूल थोडं आत गेलं की थरथर सुरू व्हायची आणि जॉब टूलवर चढायचा.

मी आधी चक उतरवला, कारण त्याच्या जबड्यांवर (जॉजवर) डायल, म्हणजे सूक्ष्म हालचाल दाखवणारं काट्याचं मापयंत्र, लावला तर चकची चूक स्पिंडलच्या माथी बसते. डायल थेट स्पिंडलच्या पुढच्या टोकाच्या (नोजच्या) गोल भागावर टेकवला आणि स्टँड हेडस्टॉकच्याच बिडावर चिकटवला. हाताने फिरवलं तर काटा जेमतेम हलला. मग स्पिंडलच्या भोकात दांडा घालून तो वर उचलला. काटा ०.०९ मिमीवर गेला, सोडल्यावर परत शून्यावर आला.

मशीनचं सगळं दुखणं या उचलीत होतं. हाताने फिरवताना स्पिंडल स्वतःच्या वजनाने बुशच्या तळाशी बसलेला असतो, म्हणून तो सरळच फिरतो आणि संशय चकवर जातो. टूल समोरून कापू लागलं की ते जॉबला वर आणि मागे ढकलतं. बुश झिजलेला असला तर स्पिंडल तिकडे उडी मारतो, परत पडतो, परत उडतो. चक बदलून यातलं काहीच थांबणार नव्हतं.

पुढचा बुश आणि त्याभोवतीचं बीड, दोन्हींना एका बाजूला लांबीभर काप होता. तो आवळायला वर बोल्ट. कापात शिम, म्हणजे फट राखणाऱ्या पातळ पट्ट्या, हव्या होत्या, तिथे फक्त काळा चिकट मळ सापडला. कधीतरी कुणीतरी त्या काढून टाकल्या होत्या आणि तेव्हापासून मोकळ्या बोल्टनेच बेअरिंग 'सेट' होत होतं. आवळलं की थोड्या वेळाने हेडस्टॉकला हात लावता यायचा नाही, म्हणून पुन्हा ढिलं. हे पाहून मला खरंच वाईट वाटलं. बीड वाकायला बनलेलं नसतं. अशा आवळण्याने ते कापाच्या मुळाशी तडकू शकतं. इथे सुदैवाने तडा नव्हता.

स्पिंडलचा जर्नल, म्हणजे बुशमध्ये फिरणारा भाग, शाबूत होता. बुशला ब्लू, म्हणजे स्पर्श कुठे होतो ते दाखवणारा निळा रंग, लावून पाहिलं तर स्पर्श एका अरुंद पट्ट्यातच. तीनधारी स्क्रेपरने उंच जागा हलक्या हाताने घासत, पुन्हा ब्लू बघत, ठिपके सगळीकडे पसरेपर्यंत बसलो. या कामात घाई करणाऱ्याने हात घालू नये. खालून बुशला तेल पुरवणारं फेल्ट (नमद्याचा तुकडा) कडक होऊन चकाकत होतं, त्यातून तेल चढतच नव्हतं. झीज तिथूनच सुरू झाली असणार. ते बदललं.

मग कापात पितळी शिमची थप्पी घातली आणि बोल्ट पूर्ण घट्ट केला. फट शिमने ठरते, बोल्टने नाही. पातळ शिम एकेक काढत गेलो. बुशचा घेर ०.०५ मिमीने आवळला की व्यास साधारण ०.०१६ मिमीनेच कमी होतो, त्यामुळे हातात बारीक ताबा राहतो. उचल २० मायक्रॉनवर (०.०२ मिमी) आली तिथे थांबलो. त्याहून कमी केली असती तर तेलाच्या थराला जागा उरली नसती.

पातळ स्पिंडल ऑइल भरून मध्यम वेगावर मशीन चालू ठेवलं. स्पिंडलचं पुढे-मागे सरकणं रोखणारा थ्रस्टचा नट मात्र हेडस्टॉक कोमट झाल्यावरच लावला. ४०० मिमीचा पोलादी स्पिंडल २५ अंशांनी तापला की सुमारे ०.११ मिमीने लांबतो, आणि बीड तितक्या लवकर तापत नाही. थंड असताना नट दाबून बसवला तर गरम झाल्यावर स्पिंडल जखडतो.

त्यानंतर काकांनीच पार्टिंग टूल लावलं. चिप अखंड गुंडाळत बाहेर आली, जॉब शेवटपर्यंत न थरथरता तुटला. मागच्या बुशमध्ये अजून ४० मायक्रॉन उचल आहे. कापण्याचा भार पुढच्या बुशवरच जास्त येतो, म्हणून तो तूर्त तसाच ठेवला आहे; फेल्ट तेवढं त्यालाही नवं घातलं.