तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्रातली मासळी मोजतात तरी कशी?

"यंदा राज्यात इतके लाख टन मासळी" अशी बातमी छापून आली की पुढचे काही दिवस मला एकच प्रश्न येतो. लग्नात भेटलेली मावसबहीण विचारते, विद्यार्थी विचारतात, आणि सगळ्यात रोखठोकपणे बंदरावरचे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, विचारतात: "मॅडम, मोजली कोणी ही मासळी? आमच्या होडीवर तर कोणी आलं नव्हतं!"

नमुना सर्वेक्षण हा माझा विषय. गेली बरीच वर्षं माझं काम मासळीच्या आकड्यांभोवतीच चाललंय. तेव्हा एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

बातमीतला तो आकडा समुद्रात असलेल्या माशांचा नसतो, किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीचा असतो. जाळ्यात आली पण तिथेच पाण्यात टाकून दिली, ती मासळी त्यात येत नाही. जी जाळ्यात आलीच नाही तिच्याबद्दल तर तो आकडा काहीच बोलत नाही. एवढं ध्यानात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं आहे.

आता मोजणी. भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर मासळी उतरवण्याची दीड हजारांवर ठिकाणं २०१० च्या गणनेत नोंदली गेली, त्यातली दीडशेच्या आसपास महाराष्ट्रात. काही ससून डॉक नाहीतर मिरकरवाड्यासारखी गजबजलेली. काही अशी की खाडीच्या तोंडाशी पाच-सात होड्या लागतात आणि मासळी टोपल्यांतून थेट बाजाराला जाते. या प्रत्येक ठिकाणी वर्षभर रात्रंदिवस माणूस बसवणं कोणत्याही सरकारला परवडणार नाही. म्हणून नमुना घ्यावा लागतो, आणि तो कसा घ्यायचा यावर आपल्याकडे फार पूर्वी फार चांगलं काम झालेलं आहे.

त्यातली काही माणसं आपली आहेत, हे मला मुद्दाम सांगायचंय. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीककापणीच्या सर्वेक्षणांची पद्धत बसवली: गाव चिठ्ठीने निवडायचं, शेत चिठ्ठीने, शेतातला तुकडाही चिठ्ठीने, मग तेवढाच कापून तोलायचा. तोच विचार समुद्राला लावला गेला. सुखात्मे, व्ही. जी. पानसे आणि के. व्ही. आर. शास्त्री या तिघांचा भारतातल्या समुद्री मासळीचा अंदाज घेण्याच्या नमुना पद्धतीवरचा लेख १९५८ साली 'बायोमेट्रिक्स' या नियतकालिकात आला. शेत निदान जागेवर असतं. इथे पीकही फिरतं आणि कापणारेही. तरी त्यांनी वाट काढली, आणि कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था आजही त्याच परंपरेतली पद्धत वापरते.

ती चालते अशी. किनाऱ्याचे विभाग पाडतात. मोठं बंदर असेल तर ते एकटंच एक विभाग. इतर ठिकाणी आजूबाजूची अनेक छोटी बंदरं मिळून एक. समजा एका विभागात २० बंदरं आहेत आणि महिना ३० दिवसांचा आहे. म्हणजे ६०० 'बंदर-दिवस' झाले. यातले नऊ निवडायचे. महिन्याच्या पहिल्या पाच तारखांतली एक चिठ्ठीने काढायची. ४ तारीख आली तर ४-५, ६-७, ८-९ अशा तीन जोड्या लागल्या. पुढे दहा-दहा दिवसांनी पुन्हा तशाच: १४-१५, १६-१७, १८-१९ आणि २४-२५, २६-२७, २८-२९. या नऊ जोड्यांना नऊ बंदरं, तीही चिठ्ठीनेच. प्रत्येक जोडीत नोंद करणारा पहिल्या दिवशी दुपारी बारा ते सहा बंदरावर थांबतो, दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा. मधल्या रात्री काय उतरलं ते सकाळी विचारून घेतो. असा मिळून एक पूर्ण दिवस.

होड्या कितीही लागल्या तरी त्यांचाही नियम ठरलेला आहे. पंधरापर्यंत असतील तर सगळ्या बघायच्या. वीस ते एकोणतीस असतील तर दोनातली एक, तीस ते एकोणचाळीस असतील तर तीनातली एक, असं पुढे. हेही जाळ्याच्या प्रकारानुसार वेगवेगळं, कारण जाळं ओढत फिरणाऱ्या ट्रॉलरची मासळी आणि एका जागी बांधलेल्या डोल जाळ्याची मासळी एका हिशोबात घालता येत नाही.

आणि होडीवरचं वजन? काटा प्रत्येक टोपलीला लागत नाही. लिलाव उभा असतो, बर्फ वितळत असतो, व्यापारी घाई करत असतात. बंदरावर वापरात असलेली टोपली साधारण एका मापाची असते. तिच्यात बोंबील किती किलो बसतो, कोळंबी किती, मांदेली किती, हे आधी तोलून ठरवलेलं असतं. मग टोपल्या मोजायच्या. पण टोपली काठोकाठ भरली आहे की वर रास आहे, तळाशी बर्फ किती, वर सुरमई दिसतेय म्हणून खालीही सुरमईच आहे का, हे बघणारा डोळा लागतो. ट्रॉलरच्या मिश्र मासळीत तर एक टोपली उपसून जात-जात वेगळी करून बघावी लागते. हे काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. भर उन्हात, ओल्या धक्क्यावर, वही हातात. वरच्या उदाहरणात निवडलेला एक बंदर-दिवस जवळजवळ ६७ बंदर-दिवसांच्या वतीने बोलतो. त्या दिवशी तीनातली एक होडी बघितली असेल, तर एका टोपलीत झालेली किलोभराची चूक शेवटी दोनशे किलोंची होते. मोठमोठ्या गणिताची तारीफ सगळे करतात, या वहीची कोणी करत नाही, आणि मला ते खटकतं.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, "म्हणजे शितावरून भाताची परीक्षा!" पण भात एका पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो, कुठलंही शीत उचलावं. किनारा तसा नाही. सातपाटीचा पापलेट, वर्सोव्याचा बोंबील आणि मालवणची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं जाळं) यांचे दिवस एकसारखे नसतात. म्हणून आधी विभाग आणि मग चिठ्ठी.

तांडेलांचा राग याच चिठ्ठीवर असतो. "मासळी होती त्या दिवशी तुम्ही आलाच नाहीत, आलात तेव्हा बंदर रिकामं." बरोबर आहे. पण मासळी असेल तेव्हाच जायचं ठरवलं, तर रिकाम्या दिवसांची नोंद कोण करणार? आणि तसा फुगलेला आकडा पाहून उद्या कोणी म्हणालं, मासळी भरपूर आहे, आणखी शंभर ट्रॉलरना परवाने द्या, तर त्याचा फटका याच तांडेलांना बसेल. चिठ्ठी कोणाचंही ऐकत नाही, तीच तिची ताकद आहे.

डोल जाळ्याचं उदाहरण घ्या. डोल जाळं एका जागी बांधलेलं असतं. मासळी त्यात येते ती पाण्याच्या ओढीने. उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत, ओढ जोरात; भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, मंद. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच फेरी मारणाऱ्याला डोलकर नेहमी सुखात दिसेल, अष्टमीच्या सुमारास जाणाऱ्याला नेहमी अडचणीत. उधाण-भांगाचा फेरा साधारण पावणेपंधरा दिवसांचा असतो. दर पंधरवड्याला ठरलेल्या वाराला जाणारा सर्वेक्षक नकळत बराच काळ एकाच प्रकारच्या भरतीला जात राहील. दहा दिवसांचं अंतर हा ताल मोडतं. ४ ते ९, १४ ते १९, २४ ते २९ या तारखांत उधाणही सापडतं आणि भांगही. ही रचना मला पहिल्यांदा नीट उमगली तेव्हा फार आनंद झाला होता, आणि वर्गात शिकवताना आजही होतो.

तांडेलांच्या तक्रारीतला एक भाग मात्र मला पूर्ण मान्य आहे. हा अंदाज विभागाचा आणि राज्याचा असतो, तुमच्या एका छोट्या बंदराचा नसतो. महिन्यातून एकदा चिठ्ठीत आलेल्या किंवा न आलेल्या बंदराबद्दल त्यातून काही ठरवू नये. वादळानंतर भरपाई वाटताना कोणी राज्याचा आकडा गावावर वाटून टाकला, तर ते चूकच आहे. त्यासाठी गावपातळीची वेगळी नोंद हवी.

आता मूळ शंकेकडे येते. उतरलेली मासळी कमी झाली म्हणजे समुद्रात मासळी कमी झाली का? २०१९ बघा. महाराष्ट्राचा आकडा २०१८ च्या सुमारे २.९५ लाख टनांवरून २.०१ लाख टनांवर आला, ४५ वर्षांतला नीचांक. वाचणाऱ्याला वाटावं, समुद्र रिकामा झाला. पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'क्यार' आणि पाठोपाठ 'महा' अशी चक्रीवादळं अरबी समुद्रात आली. ऐन हंगामात होड्या बंदरात बांधून होत्या. जे पाण्यात गेलेच नाहीत त्यांच्या जाळ्यात मासळी येणार कुठून? म्हणून टनांच्या शेजारी नेहमी दुसरा आकडा मांडावा लागतो: किती फेऱ्या झाल्या, जाळी किती तास पाण्यात होती. टनांना तासांनी भागलं की तासामागची पकड मिळते. १९५४ साली मिल्नर शेफर यांनी मांडलेलं प्रारूप इथूनच सुरू होतं. यंदाच्या साठ्यात वर्षभरात पडणारी भर मिळवायची आणि त्यातून पकड वजा करायची, म्हणजे पुढच्या वर्षीचा साठा. साठा प्रत्यक्ष दिसत नाही, म्हणून त्याची खूण म्हणून तासामागची पकड वापरायची.

पण ही खूणही दगा देऊ शकते. कॅनडात न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाचं जे झालं ते प्रत्येक मत्स्य विभागाच्या भिंतीवर लिहून ठेवायला हवं. १९८० च्या दशकात तिथल्या मोठ्या ट्रॉलरांची तासामागची पकड चांगली दिसत होती. साठा आटत होता, पण उरलेला कॉड दाटीने गोळा होत होता आणि ट्रॉलर त्याच गर्दीवर जाऊन पडत होते. चिठ्ठीने निवडलेल्या जागी जाळं टाकणारं संशोधन जहाज वेगळंच सांगत होतं, पण अंदाज बांधताना ट्रॉलरांच्या आकड्यांवरही भिस्त ठेवली गेली आणि साठा आहे त्यापेक्षा मोठा मानला गेला. २ जुलै १९९२ ला मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांवर माणसांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली बंदी उठायला २०२४ उजाडलं.

आपल्याकडेही इंजिनं वाढली, जीपीएस आलं, मासळीचा थवा दाखवणारी यंत्रं आली. वीस वर्षांपूर्वीचा जाळ्याचा एक तास आणि आजचा एक तास सारखा नाही. हा फरक हिशोबात घेतल्याशिवाय काढलेला 'मासळी टिकून आहे' हा निष्कर्ष मी मानत नाही.

म्हणून दुसरी, मासेमारीवर अवलंबून नसलेली मोजणी लागते. मुंबईत मुख्यालय असलेली भारतीय मत्स्य सर्वेक्षण ही संस्था स्वतःची जहाजं घेऊन ते करते. समुद्राचे खोलीनुसार पट्टे पाडून, मासळी असो वा नसो, ठरल्या जागी जाळं ओढायचं. समजा जाळं तासभर तीन नॉट वेगाने ओढलं, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर. तोंड २० मीटर उघडं. तळाचा ११ हेक्टर पट्टा झाडला गेला. ६० किलो मासळी आली, तर चौरस किलोमीटरला ५४५ किलो. पण वाटेतली सगळीच मासळी जाळ्यात शिरत नाही, काही निसटते. निम्मी निसटते असं उष्ण कटिबंधात पुष्कळदा धरतात, आणि तसं धरलं की उत्तर थेट दुप्पट होतं. एका गृहीतकावर एवढं अवलंबून असताना ते आकड्याशेजारी छापलेलं नसेल, तर तो आकडा अर्धवट समजायचा.

आणि मग पापलेट संपलं का? मावसबहिणीचा खरा प्रश्न हाच असतो. टनांवरून याचं उत्तर देता येत नाही, लांबीवरून बरंच देता येतं. धक्क्यावर नमुन्याचे मासे पट्टीवर ठेवून मापले की कळतं, पकडीत मोठे किती आणि अंडी घालायच्या आधीच उचललेले किती. अशाच मापांवरून मासा कोणत्या लांबीला प्रौढ होतो हे काढतात. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटला राज्य मासा ठरवलं, आणि मासे पकडण्याची किमान लांबीही लागू केली, पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. बोटं सोडून तुमच्या तळहाताची लांबी बहुतेक याहून थोडी कमीच भरेल. बाजारात पापलेट घ्याल तेव्हा तळहाताशेजारी धरून बघा. त्याहून लहान पापलेटांचा ढीग दिसला तर कोळणीला विचारा, ते कोणत्या बंदरातून आणि कोणत्या जाळ्यातून आले. तेच दोन रकाने आमच्या वहीतही असतात.