दुसरा सूर

आमच्या सोसायटीच्या गणपतीत आरतीला चाळीसेक माणसं जमतात आणि चाळीस जण चाळीस पट्ट्यांत गातात. कुणी काळी एक, कुणी पांढरी चार, आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका तर पेटीवर नसलेल्याच पट्टीत. विठ्ठलाच्या आरतीत तो एक सूर लांबवायचा असतो ना, तिथे तर कुणाचा दम जास्त याची रीतसर चुरस लागते, बिचारा टाळवाला थांबून राहतो. मला हे सगळं मनापासून आवडतं, पण चाल सगळ्यांची एकच. आपलं एकत्र गाणं म्हणजे हेच, भजन असो की शाळेतलं समूहगीत, सगळ्यांनी एकच चाल धरायची आणि जोरात धरायची.

तर मागच्या २६ जानेवारीला मला हुक्की आली की आपण गाणं दोन सुरांत बसवू. म्हणजे मूळ चाल बाकीच्या बायका गाणार आणि आम्ही चौघी त्याखालून दुसरी ओळ, म्हणजे वेगळी पण तिच्याशी जुळणारी चाल. भाच्याने कीबोर्डवर ती ओळ काढून फोनवर पाठवली. भांडी घासताना, लोकलमध्ये, झोपेतसुद्धा मला ती चोख यायची. पण स्टेजवर शेजारच्या काकूंनी त्यांच्या त्या खणखणीत आवाजात मूळ चाल उचलली आणि गाण्याच्या तिसऱ्या ओळीला मी कधी त्यांच्या सुरावर जाऊन बसले मला कळलंच नाही. खाली उतरल्यावर काकू म्हणाल्या, "अगं, सुरुवातीला काहीतरी भलतंच गात होतीस, बरं झालं वेळेत सुधारलीस."

त्या रात्री चिडून मेघालयातल्या शिलाँग चेंबर कॉयर या गायकवृंदाचे व्हिडिओ बघत बसले. २०१० मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकलेला तो ग्रुप, आठवत असेल. जुनी हिंदी गाणी अशी गायचे की ओळखीच्या चालीच्या खाली-वर अजून दोन-तीन चाली एकदम चालू असायच्या आणि कुणी कुणाच्या पायात येत नव्हतं. त्याच वर्षी चीनमधल्या शाओशिंगला वर्ल्ड कॉयर गेम्समध्ये त्यांनी तीन गटांत सुवर्ण मिळवलं आणि नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती भवनात ओबामांपुढे गायले. टीव्हीवर बघताना तेव्हा वाटलेलं की हे आकाशातून पडले की काय.

तसं काही नसतं अर्थातच. नील नाँगकिनरिह हा शिलाँगचाच माणूस, लंडनला पियानो शिकला, कित्येक वर्षं युरोपात काढली आणि मग परत येऊन २००१ मध्ये त्याने हा कॉयर उभा केला. गाणारी बरीचशी पोरं, आणि त्यातली अनेक त्याच्याच घरी राहायची, म्हणजे तालीम आणि जेवण एकाच छपराखाली. मुलं त्याला अंकल नील म्हणायची. खासी या तिथल्या भाषेत ऑपेरासुद्धा, म्हणजे अख्खं गाण्यातलं नाटक, केला त्यांनी. २०१५ ला त्याला पद्मश्री मिळाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये तो गेला, आपल्या मुंबईतच, वय फक्त ५१.

पण मला त्याहून जास्त नवल वाटलं ते या सगळ्याच्या मागच्या जुन्या गोष्टीचं. १८४१ मध्ये थॉमस जोन्स नावाचा वेल्श मिशनरी सोहराला, म्हणजे आपल्या भूगोलाच्या पुस्तकातल्या चेरापुंजीला पोचला. खासी भाषा रोमन लिपीत लिहायला त्याने सुरुवात केली, आणि वेल्श लोक म्हणजे चर्चमध्ये चार आवाजांत गाणारे, सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस, म्हणजे उंच आवाजापासून खर्जापर्यंत, ती सवय त्यांच्यासोबत डोंगरात आली. त्यात ईशान्येकडच्या चर्चमध्ये टॉनिक सोल्फा नावाचं नोटेशन, म्हणजे गाणं कागदावर लिहायची पद्धत, आजही चालतं. त्यात नेहमीच्या पाश्चात्य नोटेशनसारख्या पाच रेघा नाहीत, नुसती अक्षरं, डो-रे-मीची. इंग्लंडमधल्या सारा ग्लोव्हर या शिक्षिकेची ही मूळ कल्पना, ती पसरवली जॉन कर्वेनने. आणि गंमत म्हणजे त्यातला डो कुठेही धरता येतो, अगदी आपल्या 'सा'सारखा! म्हणजे हे शिकायला आपल्याला परकं काहीच नव्हतं. आपल्याकडेही भातखंडे-पलुसकरांनी गाणं अक्षरांत उतरवलंच की, पण आपण एकाच गळ्याची एकच ओळ लिहिली. ते लोक चार ओळी एकाखाली एक लिहितात. आता दर रविवारी आई एका ओळीवर आणि बाप दुसऱ्या ओळीवर गाताना मध्ये उभं राहून जे पोर वाढलं, त्याला शेजारच्या काकू काय ओढणार?

माझ्याकडे असे रविवार नव्हते, म्हणून यावर्षी मी युक्त्या केल्या. काकूंपासून तीन माणसं सोडून उभी राहिले. ऐनवेळी काकू म्हणाल्या "इथे माइक नीट लागत नाही गं" आणि माझ्या शेजारीच आल्या. मग मी एका कानात बोट घातलं, डोळे मिटले, आणि नुसती माझी ओळ. पहिलं कडवं टिकलं. दुसरं टिकलं. तिसऱ्याला मात्र काहीतरी विचित्र वाटायला लागलं, सगळं कसं पातळ पातळ, म्हणून डोळे उघडले तर काकू माझ्याकडे वळून, माझ्या तोंडाकडे बघत, खणखणीत आवाजात माझीच ओळ गात होत्या आणि त्यांच्यामागोमाग अख्खी रांग. मूळ चालीवर एकटे दुसऱ्या मजल्यावरचे काका उरले होते, तेही प्रेक्षकांत बसून.