संमतीपत्राचे मराठी

गेली सहा वर्षे मी पुण्यातील एका संशोधन संस्थेच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरील संशोधनाला मंजुरी देण्याआधी त्याची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिकांची प्रतिनिधी म्हणून काम करते आहे. अशा समितीत डॉक्टर असतात, कायद्याचे जाणकार आणि समाजशास्त्राचे अभ्यासक असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असावे लागतात, आणि त्यांच्याबरोबर विज्ञानाशी व्यावसायिक संबंध नसलेली निदान एक व्यक्ती असावी अशी अपेक्षा असते. मी शाळेत मराठी शिकवत असे. प्रत्येक बैठकीआधी येणाऱ्या जाडजूड फायलींमधले मराठी संमतीपत्र मी सर्वांत आधी उघडते, कारण ज्या माणसावर प्रयोग होणार आहे त्याच्या हातात पडणारा तेवढाच कागद असतो.

पहिल्याच वर्षी एका संमतीपत्रात मला ‘हा अभ्यास दुहेरी अंध पद्धतीचा आहे’ असे वाक्य आढळले. ते वाचून एखाद्या रुग्णाला आपली दृष्टी जाण्याची भीती वाटली असती, तर त्यात त्याची काय चूक होती? कोणाला कोणती गोळी मिळाली आहे हे अभ्यास संपेपर्यंत रुग्णालाही कळत नाही आणि त्याच्या डॉक्टरांनाही कळत नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. त्याच कागदावर खाली सहीच्या जागी ‘विषयाची स्वाक्षरी’ असे छापले होते. इंग्रजीतल्या ‘सब्जेक्ट’चे ते भाषांतर होते, आणि त्यात माणूस पूर्णपणे हरवला होता. माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणारा, जागतिक वैद्यकीय संघटनेचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ साली झाला. त्याच्या २०२४ च्या सुधारित मसुद्यात ‘सब्जेक्ट’ या शब्दाच्या जागी ‘सहभागी’ या अर्थाचा शब्द आला. म्हणजे जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेलाही हा शब्द बदलायला साठ वर्षे लागली.

मी आक्षेप घेतला तेव्हा मला उलट भाषांतराचे प्रमाणपत्र दाखवण्यात आले. इंग्रजी मसुद्याचे मराठी होते, दुसरी व्यक्ती त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करते, आणि दोन्ही इंग्रजी मसुदे जुळले की भाषांतर बिनचूक ठरते. ‘दुहेरी अंध’चे ‘डबल ब्लाइंड’ अगदी अचूक परत येते, कारण दोन्ही भाषांतरकारांना मूळ इंग्रजी संज्ञा ठाऊक असते. ती ज्यांना ठाऊक नाही अशा हडपसरच्या भाजीविक्रेत्याला किंवा मुळशीच्या शेतकरी बाईला त्यातून काय समजले, याची परीक्षा या पद्धतीत कोठेच होत नाही.

शब्दांची ही बाब किरकोळ नाही. अमेरिकेतील टस्कीगी येथे १९३२ पासून १९७२ पर्यंत सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांविना ठेवून रोगाची वाटचाल नोंदवली गेली. त्यांना रोगाचे नाव सांगितले नव्हते. ‘तुमचे रक्त खराब आहे’ एवढेच सांगितले होते, आणि पाठीच्या कण्यातून पाणी काढण्याच्या वेदनादायक तपासणीला ‘खास मोफत उपचार’ म्हणून बोलावले होते. १९४७ साली नाझी डॉक्टरांवरील न्यूरेंबर्ग खटल्याच्या निकालपत्रात ऐच्छिक संमती अत्यावश्यक असल्याचे पहिलेच कलम लिहिले गेले, सिफिलिस बरा करणारे पेनिसिलिनही त्याच सुमारास सर्रास मिळू लागले होते, तरी हा अभ्यास पुढे पंचवीस वर्षे चालू राहिला.

आपल्या उस्मानाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या धाराशिवमधील, अभ्यासाचा विचार माझ्या मनातून जात नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची कोणती तपासणी उपयोगी पडते हे पाहण्यासाठी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट करण्यात आले होते. तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या मिळाल्या आणि चौथ्याला तपासणी मिळाली नाही. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ आणि चौथ्या गटात ६४ मृत्यू नोंदले गेले होते. जिल्ह्यात अशी तपासणी एरवीही कोणाला मिळत नव्हती, त्यामुळे चौथ्या गटाचे काही हिरावून घेतले नाही, ही संशोधकांची बाजू मी समजू शकते, आणि त्या अभ्यासातून मिळालेले ज्ञान मोलाचे आहे हेही मान्य करते. तरीही आपल्याला झालेला रोग वेळेत ओळखणारी तपासणी शेजारच्या गावात होते आहे, हे चौथ्या गटातील बाईला तिच्या भाषेत कळले असते तर तिने काय ठरवले असते, हा प्रश्न मला सुटत नाही.

औषधांचा संबंध नसलेल्या अभ्यासांतही संमती सोपी नसते. घरकामगार स्त्रियांच्या आरोग्याचे सर्वेक्षण करू पाहणाऱ्या एका विद्यार्थिनीने मुलाखती कोथरूडमधील ज्या घरांत त्या काम करतात तेथेच घेण्याचे योजले होते. मालकीणबाई दिवाणखान्यात बसलेल्या असताना ‘ताई, तुम्ही भाग घ्याल का?’ या प्रश्नाला नकार देणे कोणत्या मावशींना शक्य आहे? आम्ही मुलाखती वस्तीत, त्यांच्या सोयीच्या वेळी घ्यायला सांगितल्या. बुडणारी मजुरी आणि बसभाडे द्यावे, याबद्दल मतभेद नव्हता. रक्कम एवढी मोठी नसावी की तिच्यासाठी माणूस धोक्याकडे डोळेझाक करील, यावर मात्र तासभर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निरक्षर व्यक्तीसाठी त्रयस्थ साक्षीदार, सात ते अठरा वयाच्या मुलांची स्वतःची अनुमती, कधीही माघार घेण्याचा हक्क, असे सारे नीट लिहिलेले आहे. प्रत्यक्षात साक्षीदार म्हणून त्याच विभागातील कर्मचारी पुढे येतो आणि अंगठा उमटायला अर्धा मिनिट लागतो.

समितीची कागदपत्रे गोपनीय असल्याने मला ती कोणाला वाचून दाखवता येत नाहीत, म्हणून मी संमतीपत्र घरी एकटीच मोठ्याने वाचते. जेथे श्वास अडतो तेथे पेन्सिलीने खूण करते. गेल्या वर्षापासून माझ्या आग्रहामुळे समितीने आणखी एक पद्धत सुरू केली आहे. मंजुरीपूर्वी संशोधकाने आपला अभ्यास पाच मिनिटांत, कागद न पाहता, मराठीत सांगायचा. परवा एक तरुण डॉक्टर ‘प्लासिबो’पाशी थांबले. त्यांच्या मसुद्यात ‘निष्क्रिय तुल्यद्रव्य’ असे लिहिलेले होते. थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, ‘औषधासारखीच दिसणारी, पण आत औषध नसलेली गोळी. ती तुम्हालाही मिळू शकते.’ अध्यक्षांनी ती दोन्ही वाक्ये तशीच्या तशी संमतीपत्रात घालायला सांगितली.